मुकादमाचा मफलर

“मुकादम, त्यांना विचारा, पकड नीट बसली का.”

“मुकादम, त्यांना सांगा, बसली.”

बोलणाऱ्या दोघांमध्ये फक्त एक काच होती. एका टोकाला थोरला साडू, दुसऱ्या टोकाला धाकटा. सख्ख्या बहिणींचे नवरे, एकाच काचेच्या दुकानातले कारागीर, आणि गेलं वर्षभर एकमेकांशी अबोला. कारण सासऱ्याची झुलती खुर्ची. सासरा गेल्यावर खुर्ची थोरल्याकडे गेली आणि तिची गादी धाकट्याकडे. तेव्हापासून दोघांनाही धड बसता आलं नव्हतं.

त्यांचं टपालखातं म्हणजे मुकादम. एरवी काच निघाली की तो पुढे चालायचा आणि ‘पायरी’, ‘खड्डा’, ‘डावीकडे’ असं ओरडायचा. त्याच्या आवाजाची ख्याती मोठी. एकदा भर चौकात तो “थांब!” म्हणाला, तर साडू थांबलेच, सायकलवरचा पोस्टमन थांबला आणि समोरच्या इमारतीवरच्या घड्याळाचा काटासुद्धा जरा घुटमळला म्हणतात. घड्याळाचं खोटं असेल. पोस्टमनचं खरं आहे.

आज मात्र मुकादम गळ्याला मफलर गुंडाळून आला होता. घशाकडे बोट दाखवून त्याने हात हलवला. आवाज बसला.

“अहो, आजच?” मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला. “वाचनालयाची काच आहे ती. वरच्या मजल्यावर चढवायची, तीही बाहेरच्या जिन्याने. कालचं बोलणं लक्षात आहे ना?”

मुकादमाने मान डोलावली. काल त्या म्हणाल्या होत्या, “न बोलणारी माणसं काच उचलतात, माझी झोप उडालीये. उद्या नुसता तडा गेला तरी एकाला काढीन. कोणाला, ते तुम्ही सांगायचं.” त्यावर हा शहाणा म्हणाला, “काचेला दोन टोकं असतात, बाई. एकाला काढून कसं भागेल? काढायचं तर आम्हा तिघांना काढा.” त्याला वाटलं, बाई हसतील. बाई म्हणाल्या, “ठरलं.”

घरी येऊन त्याने हे बायकोला सांगितलं. तिची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांच्या तारा जोडण्यात गेलेली.

“ते बोलत नाहीत, कारण तुम्ही बोलता,” ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

“मी नसतो तर आजवर डझनभर काचा फुटल्या असत्या.”

“असतील. पण जोडून दिल्यावर आपण लाइनवरून उतरायचं असतं. कान लावून बसलं की नुसती खरखर.” मग तिने खुंटीवरचा मफलर त्याच्या अंगावर टाकला. “घ्या. उद्या तुमचा घसा धरणार आहे.”

तर असा तो आजार होता.

काच जिन्यापाशी आली. धाकटा पाठमोरा चढणार, थोरला खालून भार घेणार. पाठमोऱ्या माणसाचे डोळे समोरच्याच्या तोंडात असतात, हा त्यांच्या धंद्याचा नियम. धाकट्याची टाच पहिल्या पायरीला लागायला आली आणि तो थांबला. थोरला थांबला. दोघांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादमाने घशावरून हात फिरवला आणि समोरच्या झाडाचं निरीक्षण सुरू केलं.

“मुकादम,” थोरला अखेर झाडालाच उद्देशून म्हणाला, “त्यांना सांगा, पायरी आहे.”

धाकट्याने पाय उचलला. “मुकादम, त्यांना सांगा, कळलं.”

अशी पायरीगणिक मुकादमाच्या नावाने वरात निघाली. खाली मालकीणबाई पदराची गाठ सोडत होत्या, बांधत होत्या. मुकादम दोन पायऱ्या मागे, हात अर्धे उचलून. त्याच्या मनात आलं, बायकोचा हिशेब साफ चुकला. हे दोघे माझ्या तेराव्यालासुद्धा माझ्यामार्फतच बोलतील.

जिन्याच्या वळणावर वारा आला. काचेने शिडासारखा वारा धरला आणि ती धाकट्याला कठड्याकडे ओढायला लागली. मुकादमाच्या पोटातून ‘थांब’ निघाला, घशातून वर आला, दातांपर्यंत पोचला. त्याने मफलर कचकन चावला.

“मुकादम, त्यांना...” थोरल्याने सुरुवात केली. पण एवढ्या लांबलचक पत्त्यासाठी वेळ कुठे होता? “लेका, टेक! भिंतीला पाठ टेक! भार माझ्यावर सोड!”

धाकट्याने पाठ टेकली. काच थरथरली, कण्हली आणि उभी राहिली. दोघे तिच्या आरपार एकमेकांकडे बघत धापा टाकत होते. काच पुसलेली होती, त्यामुळे दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

“धाप लागलीये तुला,” थोरला म्हणाला.

“तुम्हालाही लागलीये.”

“मग जरा दम खाऊ.”

“वारा पडला की मी सांगतो. मला झाडाचा शेंडा दिसतोय.”

वारा पडला. “चला, भाऊजी,” धाकटा म्हणाला. पुढचा जिना दोघे कसे चढले, हे मुकादमाला धड दिसलं नाही. त्याच्या तोंडात मफलरची लोकर गेली होती आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. ते लोकरीमुळेच असणार.

काच चौकटीत बसली. वरून ठोकाठोक ऐकू येत होती, आणि मधेमधे बोलणं.

“खुर्ची अजून करकरते का?”

“करकरते. गादी उन्हात टाकत जा. कसर लागेल.”

“तुम्हीच टाका उन्हात. उद्या आणतो.”

मालकीणबाईंनी गाठ एकदाची बांधली. “मुकादम,” त्या हळूच म्हणाल्या, “तिघंही उद्या वेळेवर या.”

दुसऱ्या खिडकीची काच गाडीतून निघाली, तेव्हा मुकादमाने मफलर सोडला, घडी करून खिशात घातला आणि घसा खाकरला. आता काही हरकत नव्हती. तो जिन्याच्या तोंडाशी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला.

“मुकादम,” थोरला काचेमागून म्हणाला, “जरा बाजूला होता का? पायरी दिसत नाहीये.”

मुकादमाने घेतलेला श्वास हळूहळू सोडला आणि तो भिंतीशी सरकला. काच त्याच्या अगदी समोरून गेली. क्षणभर तिच्यात त्याचा चेहरा दिसला, मग तोही त्या दोघांनी सांभाळून वर नेला.