न सांगता आलेला बंब

ती बालवाडी दोघी बहिणींची. थोरली शाळेचा कारभार बघायची, तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. धाकटी वर्ग घ्यायची, त्या छोट्या बाई. सात वर्षं दोघींचं दुधात साखर असल्यासारखं चाललं होतं.

त्या पंधरवड्याचा विषय होता बंबवाले. सूचनाफलकावर तो वाचला आणि खारूची आई थेट वर्गात आली. खारू चार वर्षांची. बिस्किटं दोन्ही गालांत कोंबून बसायची, म्हणून ते नाव पडलं होतं. गेल्या वर्षी त्यांच्या घराला आग लागली, तेव्हा ती पलंगाखाली जाऊन लपली होती. तोंडावर मास्क लावलेल्या एका माणसाने तिला पाय धरून बाहेर ओढलं. जीव वाचला, पण मिक्सर सुरू झाला तरी ती अजून आईच्या पाठीमागे दडायची.

"हे दोन आठवडे तिला घरीच ठेवते, बाई."

"नका ठेवू. खेळता खेळताच भीती जाईल तिची. तिला आधी सांगितल्याशिवाय इथे काहीही होणार नाही. माझा शब्द आहे."

छोट्या बाईंनी खारूसमोर उकिडवं बसून तिलाही तेच सांगितलं. संध्याकाळी बहिणीच्याही कानावर घातलं. थोरली म्हणाली, "तुझा वर्ग, तुझं राज्य. मी कशाला मध्ये पडू?"

मग फ्रिजच्या रिकाम्या खोक्याला लाल रंग लागला, कागदी ताटल्यांची चाकं झाली. पांढरी चादर म्हणजे धूर. तिच्याखालून मुलं पोटावर सरपटत जायची. कपड्यांनी पेट घेतला तर थांबायचं, आडवं पडायचं, लोळायचं. एक गोलमटोल मुलगा आग नसतानाही तासभर लोळत राहायचा.

खारू चार दिवस चपलांच्या कपाटापाशी बसून राहिली. पाचव्या दिवशी छोट्या बाईंनी तिच्यापुढे खेळण्यातला फोन ठेवला.

"हॅलो, बंब पाठवा! आजोबांच्या मिशीला आग लागलीय!" कोपऱ्यातून एकजण ओरडला.

खारूने फोन उचलला. "पत्ता सांगा," ती गंभीरपणे म्हणाली. "नीट सांगा. रडू नका."

त्या दिवसापासून फोन तिचाच. पुढच्या आठवड्यात तिने पुठ्ठ्याचं शिरस्त्राण डोक्यावर चढवलं. बुधवारी छोट्या बाईंनी कापडी मास्क आणला. खारूने तो स्वतः त्यांच्या तोंडावर बांधला, मग ओढून काढला आणि खुदकन हसली. "आत बाईच आहेत!"

शुक्रवारी सकाळी दारात खरा भोंगा वाजला.

मुलं दचकली. व्हरांड्यातून यंत्राने सोडलेला पांढरा धूर आत आला आणि धुरातून दोन उंचीपुरी माणसं. अंगावर जाड कोट, तोंडावर काचेचे मास्क, पाठीवर नळकांडी. त्यांच्यामागे मोठ्या बाई, हातात मोबाइल. "हसा, मुलांनो! टाळ्या वाजवा!"

काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी भोकाड पसरलं. छोट्या बाईंनी डोकी मोजली. एक कमी.

खारू सतरंज्यांच्या कपाटात सापडली. दार तिने आतून दोन्ही हातांनी ओढून धरलं होतं.

"खारू, मी आहे गं."

"तुम्ही आधी सांगणार होतात."

"मलाही माहीत नव्हतं, बाळा."

आतून बारीक आवाज आला, "खोटं."

दोघांतल्या वयस्कर बंबवाल्याने मास्क उतरवला. त्याचा चेहरा पडला होता. "आम्हाला सांगितलं होतं, मुलांची सगळी तयारी झालीय म्हणून. नाहीतर आधी साध्या कपड्यात आलो असतो हो." त्याने जोडीदाराला बाहेर नेलं आणि बंब गुपचूप लांब उभा केला.

आईने येऊन हाक मारली, तेव्हा कुठे कपाट उघडलं. लेकीला कडेवर घेऊन तिने छोट्या बाईंपुढे फोन धरला. शाळेच्या नंबरवरून आलेला काल संध्याकाळचा निरोप होता: 'उद्या शाळेत खरा बंब येणार आहे. खारूला मी सगळं समजावलं आहे, निर्धास्त राहा.' खाली नाव होतं, छोट्या बाई.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाव तर तुमचंच आहे." आईचा आवाज चढला नाही. "मी तुमचं नाव वाचूनच तिला पाठवली."

दुपारी मुलं गेल्यावर छोट्या बाई बहिणीच्या खोलीत गेल्या. थोरली जाहिरातीसाठी सकाळचा व्हिडिओ कापत होती.

"माझ्या नावाने निरोप तू पाठवलास?"

"तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणून?"

"म्हणून नाही सांगितलं." थोरलीने मान वर केली नाही. "नवे प्रवेश तोंडावर आलेत. एक पोर घाबरलं म्हणून सगळ्यांची मजा थांबवायची का? तूच म्हणालीस ना बुधवारी, की तिची भीती गेली?"

हे छोट्या बाईंनीच घरी, बहिणीला सांगितलं होतं. आनंदाच्या भरात.

"ताई, तुझ्यापाशी मन मोकळं करायचे मी. त्याचंच तू असं केलंस."

"उगीच राईचा पर्वत करू नकोस."

छोट्या बाईंनी वर्गाची किल्ली टेबलावर ठेवली. थोरलीला वाटलं, सोमवारी येईल. ती सोमवारी आली नाही, नंतरही नाही.

त्याच रविवारी छोट्या बाई खारूच्या घरी गेल्या. आईने दार उघडलं, बसा म्हणाली, पाणी आणून दिलं. छोट्या बाईंनी झालं ते सगळं सांगितलं, बहिणीला पाठीशी न घालता आणि स्वतःलाही न घालता. "शब्द मी दिला होता. तो मला राखता आला नाही," त्या म्हणाल्या.

खारू आतल्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

"अजून कुणी येणारे?" तिने विचारलं.

"नाही. मी एकटीच आलेय."

खारूने त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांना वळसा घालून ती बाहेरच्या दाराशी गेली, कडी काढली आणि जिन्यात डोकावून खालपर्यंत पाहून आली. परत येऊन आईच्या मांडीवर बसली. छोट्या बाईंकडे ती आली नाही, आणि त्यांनीही बोलावलं नाही.