तळहातावरचं नाशिक

नवसाबाईला माणसांचे चेहरे कधी लक्षात राहिले नाहीत, पाय मात्र राहायचे. राहणारच! काळारामाच्या दरवाज्याबाहेर बावीस वर्षं फुलं विकली बाईने. जो पुडा घेईल त्याच्या चपला फुकट सांभाळायच्या, ही तिथली रीत. बिल्ला नाही, चिठ्ठी नाही. माणूस दर्शन करून आला की त्याच्या पायांकडे एक नजर टाकायची आणि बरोबर जोड पुढे सरकवायचा. त्यात आपण कधी म्हणून चुकलो नाही, असं ती सगळ्यांना ठासून सांगायची.

एकदा चुकली होती. ते मात्र तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

शहाण्णवच्या श्रावणात नामपूरकडचा एक तरुण आला. डाव्या पायाला करंगळी नाही, हे तिने आधी बघितलं. त्याने हसत तळहात पुढे केला. त्यावर पेनाने यादी लिहिलेली. "एक दिनमा आख्खं नाशिक देखनं शे, मावशी!" म्हणाला आणि वाचूनही दाखवली: काळाराम, सीता गुंफा, नारोशंकराची घंटा, दुतोंड्या मारुती, सरकारवाडा आणि शेवटी पांडवलेणी. मग तपकिरी चपला काढून तो आत गेला.

तो आत असताना शेवंतीच्या भावावरून नवसाबाईचं एका बाईशी चांगलंच वाजलं. त्या तावातावात दुसराच कुणी आला, आणि हिने पायांकडे न बघता त्या पोराच्या चपला त्याला देऊन टाकल्या. पोरगा बाहेर आला तेव्हा उरलेला तपकिरी जोड दोन बोटं मोठा होता.

"मन्या चपला कोठे शेतस, मावशी?"

भर बाजारात चूक कबूल करायची? छे! नवसाबाई उलट त्याच्यावरच खेकसली, "तूच दुसरीकडं काढल्या असशील! आन नायतर तो बघ, आत्ताच एक जण रामकुंडाकडं गेला. त्याच्या पायात बघ, पळ!"

तो अनवाणी पळाला. गोदावरीला पाणी चढलेलं, पायऱ्यांवर शेवाळ. अर्ध्या तासात घाटाकडून आरडाओरडा ऐकू आला. दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत तपोवनाकडे सापडलं. पेपरात फोटो आला, तो काही तिने ओळखला नाही. पण कुणीतरी खालची ओळ वाचली, 'ज्ञानेश, राहणार नामपूर, डाव्या पायास करंगळी नाही', आणि नवसाबाईच्या हातातला हार खाली पडला.

पुढच्या चैत्रात पहिल्यांदा पावलं आली. भर दुपार, फरशी तव्यासारखी तापलेली. नदीच्या गल्लीकडून ओली पावलं एकेक करत उमटत आली आणि तिच्या टोपलीपुढे थांबली, बोटं तिच्याकडे करून. डाव्या पावलाला चारच बोटं. बघता बघता ठसे वाळले. परत जाणारं पाऊल एकही नव्हतं.

मग दर उन्हाळ्यात रोज दुपारी. तिने नारळ वाहिला, अन्नदान केलं, चपलांचा नवा जोड दान केला. पावलं यायची ती आलीच. चार वर्षांत बाई निम्मी झाली.

शेवटी शेजारी बसणाऱ्या शकुबाईने विचारलं, "नवसे, तुझ्याच टोपलीम्होरं पाणी कोण सांडतं गं रोज?"

म्हणजे दुसऱ्यालाही दिसत होतं! नवसाबाईचा बांध फुटला. तिने सगळं सांगून टाकलं.

शकुबाई आधी कडाडली, "अगं भवाने, एवढं पोटात ठेवून बसलीस?" मग म्हणाली, "त्याला चपला नकोत गं. काळारामाच्या पुढं गेलाच नाय बिचारा. त्याचं नाशिक राहिलंय. दाखव त्याला."

दाखव म्हणे! नवसाबाईने स्वतः तरी कुठे बघितलं होतं? बावीस वर्षं मखमलाबादहून टेम्पोने यायचं, टोपली मांडायची, संध्याकाळी परत. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने टोपली शकुबाईच्या हवाली केली, इतकी वर्षं सांभाळून ठेवलेला तो उरलेला मोठा जोड पिशवीत घातला आणि निघाली.

सीता गुंफेत वाकून, अंग चोरून उतरली. तिच्या मागे कुणीच नव्हतं, तरी मानेवर ओलसर श्वास लागत होता. ती मागे वळली नाही. नारोशंकराच्या देवळावर टांगलेली ती थोरली घंटा बघून तिने पुटपुटल्यासारखं सांगितलं, "ही बघ बाबा." ज्याच्या अंगावरून पुराचं पाणी मोजतात, त्या दुतोंड्या मारुतीपाशी नदी शांत होती. तिथे मात्र तिच्याच्याने वर बघवेना. सरकारवाड्याच्या लाकडी खांबांखाली ती उभी राहिली तेव्हा शेजारच्या खांबाशी दोन ठसे उमटले. पाय दुखले म्हणून शिवाजी उद्यानात बाकावर टेकली. बाकाचं दुसरं टोक भिजत गेलं.

पांडवलेण्याच्या बसमध्ये कंडक्टरने न विचारता दोन तिकिटं फाडली. "मागचे तुमच्यासोबतच ना?" म्हणाला. नवसाबाईने मान डोलावली.

डोंगराच्या पायऱ्या चढता चढता तिला धाप लागली. वर लेण्याच्या दाराशी पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तिने पिशवीतला जोड काढून दगडावर ठेवला.

"ह्या तुझ्या नायत," ती मोठ्याने म्हणाली. चार माणसं वळून बघायला लागली, बघू देत! "तुझ्या मी दुसऱ्याला दिल्या. तू नीट काढल्या होत्यास बाळा, चूक माझी होती. मी खोटं बोलले आन तुला पळवलं."

मग स्वतःच्या चपला काढल्या, आणि गिऱ्हाइकासाठी ठेवायची तशा, घालायला सोप्या पडतील अशा वळवून ठेवल्या. "बायकी हायेत. चालवून घे."

आत जाऊन तिने हात जोडले. बाहेर आली, तर दोन्ही जोड जिथल्या तिथे. त्याने काहीच घेतलं नव्हतं. दिलेलं परत कसं घालायचं? ती तशीच अनवाणी निघाली. पहिल्या पायरीवर पाय टेकला आणि चर्रकन भाजला. सव्वादोनशे पायऱ्या होत्या. असू देत, म्हणाली, तोही असाच पळाला होता.

दुसऱ्या पायरीवर पाय ठेवणार, तोच तिथे ओलं पाऊल उमटलं. मग खालच्या पायरीवर एक. चार बोटांचं.

आज पहिल्यांदाच पावलांची बोटं तिच्याकडे नव्हती. ती तिच्यापुढे चालली होती, एकेक पायरी थंड करत, ती मागे राहिली की थांबत. नवसाबाई त्या ठशांत पाय ठेवत, रडत रडत खाली उतरली. तिचा पाय पुन्हा कुठेही भाजला नाही.

शेवटच्या पायरीशी पावलं संपली. पुढे कोरडा रस्ता होता. बस येईपर्यंत ती तिथेच सावलीत बसून राहिली, आणि कंडक्टरने या वेळी एकच तिकीट दिलं.