चुपचा खेळ

लोकेंद्र चार वर्षांचा होता आणि एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. बाप योगराज हायवेवर टायर-पंक्चरचं दुकान चालवायचा. दिवसभर ट्रक, हॉर्न, हवेच्या मशीनची घरघर. अशा ठिकाणी वाढलेलं पोट्टं हळू बोलणार तरी कसं? त्याला बोलवायचं तर ट्रकच्या वर आवाज चढवावा लागे. आई टीना म्हणायची, या पोराचं नाव घेऊन घेऊन माझा गळा बसला.

दुर्गेश्वरीची शाळा त्याच रस्त्याला लागून, सडक अर्जुनी गावाच्या थोडं अलीकडे. गाव ज्यांचं ऐकायचं त्या म्हाताऱ्या हिरालालभाऊंच्या घराच्या पुढच्या दोन खोल्या, मधे आंगण, मागे गोठा, आणि मागच्या फाटकापलीकडे पाण्यानं भरलेली बोडी, छोटं तळंच ते. नागपूरला जाऊन माँटेसरीचं शिकून आली पोरगी, आणि शाळा कुठं काढली तर इथं! गाव हसलं. इथं पोरं लोटीनं पाणी ओततात, धानात मिसळलेले लाखोळी डाळीचे दाणे निवडतात, चटया गुंडाळतात, खरखरीत कागदाच्या अक्षरांवर बोट फिरवतात. धान तर आमच्या घरीबी आहे, मग शाळेत कायले पाठवाचं, असं लोक तोंडावर विचारायचे. दुर्गेश्वरी ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लोट्या मांडायची. हट्टाला पेटलेल्या माणसाला कोण समजावणार?

तिचा सगळ्यात लाडका तो चुपचा खेळ. घरी जायच्या आधी रोज व्हायचा. पोरांनी ओठांवर बोट ठेवून चूप बसायचं, दगडासारखं. मग ताई दारात उभी राहून एकेकाचं नाव अगदी हळू घेणार. ज्याचं नाव आलं त्यानं पायाचा आवाज न करता तिच्यापाशी यायचं. बस, एवढंच. पुस्तकातला खेळ एवढाच होता. पण हायवेवर पुस्तक पुरत नाही. बाहेरून कोणी ओरडलं, हॉर्न वाजला, की पोरं ताडकन उठायची. म्हणून दुर्गेश्वरीनं आपल्या मनचा एक नियम वर चिकटवला. कोणी कितीही जोरात हाक मारो, ती आपली नाही. ताईनं हळू बोलावलं तरच उठायचं. या नियमाचा तिला फार अभिमान होता. हिवाळा लागल्यावर तिनं आणखी एक केलं. खोलीत बसण्याऐवजी पोरांना आंगणात आपापली जागा निवडू दिली. कोणी तुळशीमागे, कोणी बैलगाडीखाली.

लोकेंद्रला हा खेळ कधी जमला नाही. दोन नावं झाली की तो उठलाच म्हणून समजा. दुर्गेश्वरी त्याला म्हणायची, ज्याला खूप वेळ चूप बसता येतं त्याचंच नाव ताई शेवटी घेते. पोट्टं ते मनात धरून होतं.

त्या दुपारी खेळ असा रंगला की विचारू नका. नावामागून नाव गेलं, ओमेश आला, छोटी गुणवंता आली, आणि लोकेंद्र अजून उठला नव्हता! दुर्गेश्वरीनं मनाशी ठरवलं. आज याचं नाव शेवटी घ्यायचं, आज याला तो मान द्यायचा. गुणवंताला जवळ घेऊन ती त्याचं नाव घेणार, तोच कौलांवर धाडधाड वानरं उतरली. एकानं आंगणात उडी मारून डबा पळवला, पोरांनी किंकाळ्या फोडल्या, त्याच वेळी पुढच्या फाटकात आया घ्यायला आलेल्या. शामकलाबाई, शाळेत पोरं सांभाळायला असायच्या त्या, काठी घेऊन धावल्या. वानरं गेली. पोरं आपापल्या आयांना बिलगली. आणि टीना एकटीच उभी राहिली.

"आमचा बाबू कोठं आहे ताई?"

आधी कोणी मनावर घेतलं नाही. असंल इथंच. खोल्या पाहिल्या, बैलगाडीखाली पाहिलं, गोठ्यात वाकून पाहिलं. मग शामकलाबाईंच्या लक्षात आलं की वानरांच्या मागे धावताना मागचं फाटक आपणच उघडं टाकलं. फाटकापलीकडे बोडी.

मग काय, गाव लोटलं. योगराज दुकानातून तसाच धावत आला, ग्रीसच्या हातांनी, आणि कपड्यासकट बोडीत उतरला. त्याच्यामागे आणखी चार जण उतरले. पाणी छातीपर्यंत, खाली गाळ. ते पायानं चाचपत होते आणि काठावर टीना लोकेंद्र, लोकेंद्र करून ओरडत होती. तिचा आवाज चिरकला, तरी ती थांबेना. जो येई तो तेच नाव घेऊन ओरडे. हायवेवर पाहायला गेलेले परत आले. ट्रकवाल्यांनी कुठलं पोरगं पाहिलेलं नव्हतं. कोणीतरी म्हणालं, जाळं आणा. ते ऐकून टीना खाली बसली.

दुर्गेश्वरी काठावर उभी होती. कोणी तिला शिव्या देत नव्हतं, ते तर अजून वाईट. सगळे तिच्याकडे पाहायचे आणि नजर फिरवायचे. देवा, माझा जीव घे पण त्याला सापडू दे, असं ती मनात बोलत होती, आणि देवालाही हे पटत नसेल हे तिला कळत होतं. जिनं लेकरू सांभाळायला घेतलं तिचा जीव घेऊन कोणाचं काय भलं होणार?

ती आंगणात परतली ती उभं राहवेना म्हणून. भिंतीला टेकून खाली बसली, आणि समोर पोरांची चपला लावायची जागा दिसली. पोरं गेली होती, चपला गेल्या होत्या. एकच जोडी उरली होती. निळी, भिंतीकडे तोंड करून, डावी डावीकडे, उजवी उजवीकडे. लोकेंद्र रोज चपला भिरकावायचा. आज त्यानं त्या शिकवल्याप्रमाणे लावल्या होत्या. आज तो मनापासून खेळायला बसला होता.

आणि मी त्याचं नाव घेतलंच नाही.

ती धावत मागच्या फाटकापर्यंत गेली. जिवाच्या आकांतानं म्हणाली, ओरडू नका, कोणी ओरडू नका. लोकांना वाटलं, बाई खुळावली. टीना तर अंगावरच आली. आपल्या लेकराला हाक मारू नको म्हणते, ही कोण? शेवटी दुर्गेश्वरीनं हिरालालभाऊंचे पाय धरले. म्हाताऱ्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोडीकडे वळून खर्जातल्या आवाजात म्हणाला, "चूप बसा रे सप्पा जण."

चूप झालं. पाण्यातली माणसं होती तिथं थांबली. हायवे तेवढा गरजत होता, त्याला कोण चूप करणार?

दुर्गेश्वरी दारात उभी राहिली, रोज राहायची तिथंच. हळू म्हणाली, लोकेंद्र. काही नाही. बैलगाडीपाशी गेली, म्हणाली. तुळशीमागे म्हणाली. गोठ्याच्या दारात नव्या तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा ढीग लागला होता, धान मळून चारच दिवस झाले होते. तिथं वाकून म्हणाली. पानसुद्धा हललं नाही. म्हणजे तो पाण्यातच आहे. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी राहिली.

कोणीतरी तिचा पदर ओढला.

लोकेंद्र मागे उभा होता. केसांत तणस, गालावर तणस, अंगभर घाम. ढिगातून उठून तो पायाचा आवाज न करता आला होता. खेळात यायचं असतं तसा. चेहरा असा फुललेला की पाहवत नव्हता.

"ताई, मी आज हललोच नाही," तो तिला खाली वाकवून तिच्या कानाशी म्हणाला.

तिनं त्याला छातीशी धरलं आणि रडली, गावादेखत, हमसून हमसून. योगराज चिखलानं भरलेला तसाच आंगणात येऊन बसला आणि पोराच्या पायांना नुसता हात लावत राहिला. टीनानं लेकराला ओढून घेतलं. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून तिनं विचारलं, "मी बलावून राहिली होती, रडून राहिली होती. तुले आयकू नाही आलं का रे?"

"आलं ना," लोकेंद्र म्हणाला. "पण तू जोरात बलावलं."

दुर्गेश्वरीला वाटलं, टीनानं आता आपल्या तोंडात मारावी. टीनानं मारलं नाही. ती इतकंच म्हणाली, "मायच्या हाकेले उठाचं नाही, हे शिकवलं तुमी," आणि लेकराला कडेवर घेऊन चालू लागली.

चपला राहिल्या होत्या. दुर्गेश्वरीनं त्या उचलल्या आणि ती पुढच्या फाटकापर्यंत धावली. ती दोघं रस्त्याला लागली होती, मधून ट्रक जात होते. तिनं जन्मात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज काढून हाक मारली, "लोकेंद्र!"

आईच्या खांद्यावरून त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्याला ऐकू आलं होतं. त्यानं हसून ओठांवर बोट ठेवलं.