मोड खुडले, तरी निरोप गेला

मी गव्हाचा दाणा आहे आणि माझ्या मनात अजून राग आहे. तो आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला गरीब बिचारा समजणार नाही.

माझा जन्म पारोळ्याजवळच्या एका गावात, सुमनबाईच्या वावरात झाला. इंग्रज जाऊन स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती. सुमनबाईचा नवरा वारलेला. आमच्यासारखा लांबट, तांबूस दाणा गावात फक्त तिच्याकडे. तिने आम्हाला निवडलं, राख लावली आणि कार्तिकातल्या पेरणीसाठी मडक्यात ठेवलं. तिचा थोरला दीर अभिमन याचा त्या वावरावर डोळा होता. पेरणी चुकली की ‘बाईच्यानं होत नाही’ म्हणत तो वावर स्वतः कसायला घेणार होता.

पेरणीच्या तोंडावर त्याने मडकंच पळवलं. त्याच्या मुलीला बघायला धुळ्याकडून सोयरे येणार होते. त्यांना या गव्हाचे मांडे घालायचे, असा त्याचा बेत.

मांड्यांचा गहू आधी ओलवतात, फडक्यात बांधून मुरवतात आणि मग दळतात. अभिमनची बायको लताबाई हिने आम्हाला ओलवलं खरं, पण सुमनबाई मदतीला घरात येत-जात होती. तिच्या डोळ्यांदेखत दळायचं कसं? लताबाईने गाठोडं गोठ्यातल्या कडब्यात दडवलं. तिथे ऊब. दळायला सवड मिळेना, आणि आम्ही जागे झालो.

आमच्या बुडाशी इवलासा गर्भ असतो. पाणी मिळालं की तो एक रस तयार करतो. शिकलेले त्याला संप्रेरक म्हणतात, मी निरोप म्हणतो. तो सालीखालच्या थराला जाऊन सांगतो: कोठार उघडा, पिठाची साखर करा, कोंबाला भूक लागली आहे. एरवी हा निरोप मायेचा. त्या दिवशी मी तो दात-ओठ खाऊन धाडला.

लताबाईने गाठोडं सोडलं, तर दाण्यांना पांढरी नाकं फुटलेली. तिने अर्धे दाणे सुपात खसाखसा चोळले, मोड झाडून टाकले आणि जात्यात ओतले. मी गाठोड्यातच राहिलो. भावंडांचे मोड माझ्यासमोर तुटले. पण लताबाई, मोड खुडून काय होणार? निरोप कधीच पोचला होता.

सोयरे ओसरीवर बसले. मांडे करायला गावातली सुगरण बेबाबाई आली होती. तिने कणकेचा उंडा हातावर झुलवत लांबवायला घेतला, तो कोपराशीच फाटला. दुसराही फाटला. तिसरा चुलीवरच्या पालथ्या खापरावर चिकटून बसला. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! बेबाबाईने पीठ जिभेवर ठेवून पाहिलं.

“लताअक्का, हाई पीठ गोड लागस. गहूले मोड येल व्हतात.”

“घरनाच गहू शे!” गहू घरचाच आहे म्हणत अभिमन ओसरीवरून ओरडला.

बेबाबाईने उरलेलं गाठोडं मागवलं. सुमनबाईने आम्हाला ओंजळीत घेतलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सोयऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “हाऊ गहू मना शे. मनं पेरानं बियानं शे.”

मुलाचा बाप झुलालनाना जुना शेतकरी. त्याने एक दाणा उचलून निरखला.

“बियानं चोरीसन मांडा खावाडतस आम्हले? पयले इना वावरमा हाऊ गहू लावा. मंग सोयरिकनं बोलूत.”

मुलीचं मला वाईट वाटलं. तिच्या बापाचं अजिबात नाही.

मोड आलेला दाणा पेरणीच्या पाभरीतून सोडला तर मोड तुटतात, तो हातानेच टोकावा लागतो. मग काय, गावात तोऱ्याने हिंडणारा अभिमन सुमनबाईच्या वावरात उकिडवा बसून आम्हाला एकेक करून लावत होता आणि सोयरे बांधावरून बघत होते. कमी पडलं ते बियाणं त्याच्याच घरातून आलं. मध्येच तो कंबर धरून उठला, तर सुमनबाई म्हणाली, “भाऊ, आजून अर्धं वावर बाकी शे.”

आता मी मातीत आहे. सुमनबाई, एक मागणं आहे. मी ओंबी होऊन परत येईन. त्यातलं बियाणं जप, शेजारणीला मूठभर दे, पाखरांनाही दे. अभिमनच्या घराला मात्र एक दाणा देऊ नकोस. त्याची मुलगी माहेरी आली, तर तिला तेवढं तुझ्याकडे जेवायला बोलाव. मांडे कर, तूप वाढ, आणि वास त्याच्या ओसरीपर्यंत जाऊ दे.