राजेश्रीचं बाळ

योगीराजनं लेकीच्या झबल्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि कान देऊन बसला. पेडगावच्या अंगणवाडीत आज गोवरची सरकारी लस होती, फुकटातली. सगळ्या बायका, कडेवर लेकरं, आणि त्यात हा एकटा बाप्या भिंतीला टेकून. कुणी पुढं सरक म्हटलं की सरकायचा, थांब म्हटलं की थांबायचा.

"राजेश्री! राजेश्रीचं बाळ आणा!" आतून अंगणवाडीच्या मदतनीस बाईनं कार्ड वाचून हाक दिली.

तो जागचा हलला नाही.

"आरं ऊठ की! तुलाच बोलवायल्यात," शेजारी बसलेल्या त्रिवेणीनं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, कोपर मारलं.

"राजेश्रीचं बाळ कुठंय?"

दुसरी हाक पुरती ऐकून मग तो उठला.

राजेश्री, त्याची बायको, बाळंतपणातच गेली होती. तेव्हापासून घरात तिचं नाव कुणी काढत नव्हतं. योगीराजला त्रास नको म्हणून म्हणे! आईनं तर सुनेच्या साड्यासुद्धा नजरेआड केल्या होत्या. आणि त्याला त्रास असा काही होतच नव्हता. वाढलं की जेवायचा, सोयाबीन फवारायचा, पोरीच्या तोंडाला बाटली लावायचा. तो रडलेला कुणी पाहिला नाही. आतून सगळं बधिर. पण दवाखान्यातून येताना पोरीच्या लसीच्या कार्डावर 'राजेश्रीचं बाळ' असं लिहून आलं होतं, आणि लसीच्या दिवशी भर माणसांत कुणीतरी ते नाव खणखणीत घ्यायचं. तेवढं ऐकायला तो यायचा. स्वतः त्यानं ते नाव उभ्या आयुष्यात घेतलं नव्हतं. ती होती तेव्हाही नाही. पेडगावात कुठला नवरा चारचौघांत बायकोचं नाव घेतो? 'अगं' आणि 'ऐकलं का' यातच संसार झाला होता.

पोरीचं बारसं अडलं होतं ते यामुळेच. नऊ महिन्यांची पोर, आणि अजून बिननावाची! नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणजे त्रिवेणीचा. ती दरवेळी चारठाण्याहून एसटीनं यायची आणि हात हलवत परत जायची. वर्ष सरू दे, मग बघू, एवढंच तो म्हणायचा. खरं कारण कुणाला सांगणार? पोरीला नाव मिळालं की कार्डावरचं खोडलं जाणार आणि हाक बंद होणार. यावेळी मात्र त्रिवेणी इरेला पेटून आली होती. कालपासून भावाशी धड बोलत नव्हती.

नर्स नवी होती, धम्मशीला नावाची. हात चटपटीत. दंडात सुई गेली तशी पोरीनं अंगणवाडी डोक्यावर घेतली.

"पुढच्या बारीला आईला पाठवा, दादा," धम्मशीला कापूस दाबत म्हणाली. "आईजवळ लेकरू लवकर गप होतंय."

"बरं, पाठवतो," योगीराज म्हणाला.

त्रिवेणी चपापली. भाऊ खोटं बोलला असता तर तिला कळलं असतं. मीठ संपलंय, आणतो म्हणावं, तशा आवाजात तो बोलला होता. कालपासूनचा तिचा राग कुठल्या कुठं गेला. बायको गेली हे याच्या आत अजून पोचलंच नव्हतं.

"दे इकडं," म्हणत तिनं पोर ओढूनच घेतली. "सिस्टर, नाव लिहून घ्या. मी आत्या हाय. ठेवायलेय आता."

"हितं?"

"हितंच."

आणि केकाटणाऱ्या पोरीच्या कानाला तोंड लावून तिनं 'कुर्रर्र' केलं. आत्या वाकली, मग पाठ कोण सोडतंय? मागच्या बाईनं पहिला धपाटा घातला. मग दुसरीनं. कडेवरची लेकरं सावरत, एका हातानं, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्याच पुढं आल्या.

"हाणा गं! आत्याला सोडू नका!"

"ईश्वरी!" धपाट्यांच्या खाली त्रिवेणी ओरडली. हसत होती की रडत होती, कुणाला कळलं नाही.

योगीराज तसाच उभा होता. धम्मशीलानं जुनं कार्ड न वाचताच बाजूला सारलं. पार चिंध्या झालेल्या त्या कार्डाऐवजी तिनं नवं कोरं उघडलं. सकाळपासून कार्डंच लिहीत होती, मान वर करायला सवड नव्हती.

"ईश्वरी योगीराज. हं. आईचं नाव?"

त्रिवेणी सांगणार होती, पण तिनं पोरीला खांद्यावर घेतलं. ती भावाकडं बघत राहिली.

योगीराजचे कान लालभडक झाले. त्यानं इकडंतिकडं पाहिलं. काहीतरी पुटपुटला.

"ऐकू येईना, दादा. लेकरू रडायलंय. मोठ्यानं सांगा."

"राजेश्री!"

फार मोठ्यानं निघालं ते. दारातली एक पदर सावरत मागं वळली.

"राजेश्री," तो पुन्हा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज फुटला. "ती न्हाई, सिस्टर. पुढच्या बारीला पाठवता यायचं न्हाई तिला."