शोर्श दाणे खात नाही

ऑयगेन श्टोल पडले ते कुत्र्यासाठी कलेजी परतताना. जिन्यात हे कानावर आलं तेव्हा हेडविग क्लेंकला वाईट वाटायच्या आधी हसू आलं, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही. ऐंशी वर्षांचा म्हातारा, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तवा, आणि पायात घुटमळणारा आखूड पायांचा, लांबोडका डॅशहुंड कुत्रा, शोर्श. पडणार नाही तर काय होणार? खुब्याचं हाड मोडलं. कलेजी मात्र वाया गेली नाही. अँब्युलन्स येईपर्यंत शोर्शने ती फरशीवरूनच चाटूनपुसून संपवली होती.

जर्मनीतल्या एस्लिंगन गावच्या त्या घरात जिन्याच्या झाडलोटीची आठवड्याची पाळी असे, आणि ज्याची पाळी त्याच्या दाराला लाकडी पाटी लटके. श्टोल पडले त्या आठवड्यात पाटी नेमकी त्यांच्या दाराला होती. हेडविगने चार दिवस वाट पाहिली. श्टोलांची मुलगी हायड्रुन कुत्र्याला फिरवायला येत-जात होती, पण झाडूला हात लावेल तर शपथ. पाचव्या दिवशी हेडविगने स्वतःच जिना झाडला. झाडूचा दांडा कठड्याच्या प्रत्येक गजावर आपटत झाडला, म्हणजे कोण कुणाचं काम करतंय ते वरपासून खालपर्यंत सगळ्यांना कळावं.

हायड्रुन दार उघडून बाहेर आली. एका हातात शोर्शची दोरी, दुसऱ्या हातात कुत्र्यांच्या तयार खाण्याच्या कोरड्या दाण्यांची पिशवी, आणि चेहरा रडवेला.

"क्लेंककाकू, राहू द्या ना. मी केलं असतं."

"कधी? नाताळात?"

हायड्रुनने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "बाबांना आता जिने चढता यायचे नाहीत. वृद्धाश्रमात खोली मिळालीय. कुत्रा चालेल म्हणतात, पण खोलीत काही शिजवायचं नाही, मांस आणायचं नाही, फक्त हे दाणे. आधी कुणाच्या तरी कुत्र्याचं मटण पलंगाखाली सडलं होतं म्हणे. आणि हा दाणे हुंगतसुद्धा नाही."

"मग?"

"येत्या शनिवारी नाही, पुढच्या शनिवारी तिथल्या बाई स्वतः बघणार. त्यांच्यासमोर खाल्ले तर ठीक. नाहीतर प्राण्यांच्या आश्रयघरात नाव घातलंय मी त्याचं."

"आणि ऑयगेन काय म्हणतो?"

"म्हणतात, शोर्श नसेल तर मीही जेवणार नाही." हायड्रुनने डोळे पुसले. "आणि ते तसं करतील, काकू. तुम्हाला माहीतच आहेत ते."

हेडविगला ते चांगलंच माहीत होतं. चाळीस वर्षं एकाच जिन्यात काढली होती. तिने कुत्र्याकडे पाहिलं. कुत्र्याने तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

"दे इकडे," ती म्हणाली. "चार दिवसांत खाईल."

"पण कसं?"

"शिस्त म्हणतात तिला. तुमच्या घरात ती कधी नव्हतीच, म्हणून तुला ओळखू येणार नाही."

तिला कुत्र्याची दया आली होती असं कुणी समजू नये. श्टोलांचीही नाही. एवढंसं काम बापलेकीला मिळून जमू नये, हे तिला बघवत नव्हतं, इतकंच.

तिची पद्धत सोपी होती. सकाळी सातला वाटी खाली, सव्वासातला वाटी वर. पहिल्या दिवशी शोर्श वाटीजवळ आला, दाण्यांकडे पाहिलं, मग हेडविगकडे असं पाहिलं की हे तुझं जेवण चुकून माझ्यासमोर आलंय, उचल. दुसऱ्या दिवशी तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिने दाण्यांवर कोमट पाणी घातलं आणि स्वतःलाच बजावलं की हे लाड नव्हेत. चौथ्या दिवशी पाण्याऐवजी हाडांचं सूप घातलं. शोर्शने सूप शेवटच्या थेंबापर्यंत चाटलं आणि ओले दाणे एकेक करून बाहेर काढले. त्यातला एकही फुटला नव्हता. तिच्या लख्ख पुसलेल्या फरशीवर त्याने ते ओळीने मांडून ठेवले.

"नालायका," हेडविग म्हणाली. आयुष्यात तिला तुच्छतेने पाहणारी माणसं फार भेटली नव्हती, कारण त्या बाबतीत तीच नेहमी पुढे असायची. आता वीतभर उंचीचं जनावर तिच्यावर मात करत होतं.

आणि ते वाळत नव्हतं, ही आणखी एक गंमत. पाच दिवस उपाशी आणि पोट मात्र ढोलकीसारखं घट्ट.

उत्तर शनिवारी सापडलं. आता पाटी तिच्या दाराला होती, आणि तिच्या पाळीत मागचं अंगणही यायचं. तिथल्या फरशीवर, बरोबर जिथे ती कपडे वाळत घालताना शोर्शला बांधत असे, तिथे मोहरीच्या चटणीचा पिवळा डाग होता. तिने वर पाहिलं. तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून ग्युंटर हेर्मलेंचं डोकं चटकन आत गेलं.

हेर्मले रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे, गुबगुबीत. हेडविग झाडू घेऊनच तिसऱ्या मजल्यावर गेली.

"काय टाकता हो खाली?"

"कुठं काय? मी... चिमण्यांना..."

"मोहरी लावून?"

हेर्मलेंनी मान खाली घातली. "मांसाची भाजलेली वडी. छोटा तुकडा. अहो क्लेंकबाई, ते बिचारं वर बघतं ना, असं बघतं की..."

"मीही वर बघते रोज. मला कधी टाकली नाहीत वडी."

"तुम्ही तसं बघत नाही हो," हेर्मले पडेल आवाजात म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"पुढच्या शनिवारी त्यानं दाणे खाल्ले नाहीत तर तो आश्रयघरात जाईल आणि तो म्हातारा अन्न सोडून मरेल. तुमच्या वडीपायी. आणखी एक तुकडा खाली पडला तर ऑयगेनच्या पलंगापाशी मी तुम्हाला हाताला धरून नेईन आणि तुमच्याच तोंडानं सांगायला लावीन."

वडी बंद झाली. आणि आता शोर्श खरोखरच उपाशी राहिला. रविवार गेला, सोमवार गेला. मंगळवारी तो टोपलीतून उठलाच नाही. हेडविगने वाटी हातात घेऊन त्याच्या नाकाशी धरली, बाजूला कुणी नाही ना हे पाहून एक दाणा स्वतःच्या दाताखाली फोडून दाखवला, आणि चव लक्षात येताच नळाखाली तोंड धुतलं. शोर्शने डोळे मिटून घेतले. तेव्हा पहिल्यांदा तिने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. शनिवारला चार दिवस उरले होते, आणि ऑयगेनचा शब्द ती ओळखून होती.

त्याच दुपारी ती बस धरून श्टोलांना भेटायला वृद्धाश्रमात गेली. ते खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर पांघरूण, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी. हेडविगने तब्येत विचारली नाही.

"खात नाही तुमचा राजपुत्र. काय करून ठेवलंत त्याला?"

"किती वाजता देता?"

"सातला. सकाळी."

"सकाळी?" म्हाताऱ्याला धक्काच बसला. "तो संध्याकाळी सहाला जेवतो. मी बसतो तेव्हा."

"म्हणजे?"

"म्हणजे मी ब्रेड, चीज, मुळा असं सगळं फळीवर काढतो, बसतो, पहिला घास घेतो, मग तो खातो. एकटा नाही खात. माझी लोरे गेल्यापासून तसंच आहे."

"कुत्र्याबरोबर पंगत! अहो, शोभतं का हे?"

श्टोल तिच्याकडे बघत राहिले. "मग कुणाबरोबर बसू, क्लेंकबाई?"

तिने खिडकीवरची धूळ बोटाने पुसून पाहिली आणि निघाली.

बसमध्ये ती स्वतःशी पुटपुटत होती. म्हातारा हळवा, कुत्रा नाटकी, दोघे एकमेकांना साजेसे. तिचा नवरा कार्ल जाऊन अकरा वर्षं झाली होती आणि ती कधी कुणाची वाट बघत जेवायला थांबली नव्हती. ओट्याशी उभ्याने पाच मिनिटांत घास तोंडात, लगेच सुरी धुतलेली, कपडा पिळलेला. एका माणसासाठी टेबल कशाला मळवायचं?

सहाला पाच कमी असताना तिने लाकडी फळी काढली. ब्रेड कापला, पांढरा मुळा चकत्या करून त्यावर मीठ घातलं, चीज ठेवलं, सफरचंदाची आंबट दारू पेल्यात ओतली. वाटी खाली ठेवली, कोरडी, सूपबीप काही नाही. मग खुर्ची ओढली. खुर्ची फरशीवर करकरली, तिचा आवाज हेडविग विसरून गेली होती. ती बसली. कसंनुसं वाटलं. पहिला घास घेतला.

टोपलीत हालचाल झाली. शोर्श तुरुतुरु आला, तिच्या पायाशी बसला, तिचं तोंड हलतंय याची खात्री केली, आणि वाटीत मान घातली. कुर्रम, कुर्रम, कुर्रम.

"एवढंच होतं होय!" हेडविग इतक्या जोरात ओरडली की कुत्रा थांबला, आणि तिला घाईघाईने दुसरा घास घ्यावा लागला.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार, तिन्ही दिवस सहाला फळी, खुर्ची, वाटी. गुरुवारी तिने दारूचा दुसरा पेला ओतला आणि शोर्शला हेर्मलेंच्या बाल्कनीतल्या कुंड्यांविषयी आपलं मत सांगितलं. तो खात होता, म्हणजे मतभेद नव्हता. जिन्यात मात्र ती ताठ. हायड्रुनने फोन केला तर म्हणाली, "खातो. शिस्त." हेर्मलेंनी विचारलं तर म्हणाली, "शिस्त. तुम्हाला कळायचं नाही."

शनिवारी हेर्मलेंच्या गाडीतून ती शोर्शला घेऊन वृद्धाश्रमात पोचली. जेवणाच्या खोलीत श्टोल चाकाच्या खुर्चीत बसले होते, दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून. हायड्रुन होती, आणि वही घेऊन उभी व्यवस्थापिका त्सेलरबाई. शोर्श श्टोलांना पाहून वेडा झाला, त्यांच्या मांडीवर चढवावा लागला, मग खाली उतरवला. वाटी ठेवली.

शोर्शने वाटीकडे पाहिलं आणि खाली बसला.

"ब्रेड," श्टोल म्हणाले, "मला थोडा ब्रेड द्या." त्सेलरबाईंनी ताटलीत दोन काप आणून दिले. म्हाताऱ्याने तुकडा तोंडाशी नेला, पण नजर कुत्र्यावरून हलेना. घास काही आत जाईना. तुकडा मांडीवर पडला. शोर्शची नजर एकदा त्यांच्याकडे, एकदा हेडविगकडे.

त्सेलरबाईंनी घड्याळ पाहिलं. "मला वाईट वाटतं, पण..."

"मी आश्रयघराला कळवते," हायड्रुन हळूच म्हणाली.

श्टोलांनी ताटली दूर सारली, आणि ती त्यांनी कायमची दूर सारली आहे हे हेडविगला दिसलं. कुत्रा तिच्याकडे बघतच होता. हेर्मले बघत होते, हायड्रुन बघत होती. शिस्त, शिस्त म्हणून चार दिवस तिने ज्यांची तोंडं बंद केली होती, ती सगळी तिथे हजर होती.

"जळलं मेलं ते," हेडविग म्हणाली. तिने खुर्ची ओढली, श्टोलांच्या समोर बसली, ताटली आपल्याकडे घेतली आणि ब्रेडचा मोठा लचका तोडून चावायला लागली.

शोर्श उठला. कुर्रम, कुर्रम.

हेर्मलेंच्या चेहऱ्यावर हसू पसरायला लागलं, तेव्हा हेडविगने चावता चावता त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जागच्या जागी विरलं. श्टोलांनी मांडीवरचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. या वेळी तो गेला.

वाटी रिकामी झाल्यावर त्सेलरबाई म्हणाल्या, "खातो, हे मान्य. पण म्हणजे रोज कुणीतरी त्यांच्याबरोबर बसायला हवं. आमच्याकडे तेवढी माणसं नाहीत."

"मला रोज नाही जमणार," हायड्रुन म्हणाली.

"तुला कुणी विचारलंय?" हेडविगने उरलेला काप बोटांनी दाबून पाहिला. तो दाबला तसाच राहिला. "उद्यापासून ब्रेड मी आणीन. हा पुठ्ठा आहे, माणसानं खायचा नाही."

"सहाला?" श्टोलांनी विचारलं.

"साडेपाचला. तुमच्याकडे जेवण साडेपाचला असतं, दारावर पाटी आहे. तेवढीसुद्धा वाचली नाहीत ना?"

आणि तिने ताटलीतला तो पुठ्ठाही खाऊन टाकला, कारण शोर्श अजून वाटी चाटत होता.