केझायाच्या गळ्यातली हसळी

मी एक जुनी हसळी आहे, मित्रांनो. दागिना समजून हुरळून जाऊ नका. मी लोखंडाची, चांगली जड आहे आणि माझ्या कडेवरून वर गेलेल्या तीन दांड्यांना घंट्या आहेत. पळालेला गुलाम सापडला की मला त्याच्या गळ्यात अडकवत. तो पुन्हा पळाला की मी वाजायचे आणि मागच्या कुत्र्यांना वाट कळायची.

माझा जन्म अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, तंबाखू पिकवणाऱ्या व्हिटलॉक धन्याच्या लोहारशाळेत झाला. चाकाची तुटकी धाव तापवून ओबेड लोहाराने मला वळवलं. तोही गुलामच. कोणासाठी, हे त्याला सांगितलंच नव्हतं. धन्याने मला उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "वा! जादू आहे रे तुझ्या हातात." मग धन्याच्या दोन माणसांनी ओबेडच्या बायकोला धरून आणलं. केझाया तिचं नाव. तिची दोन पोरं धन्याने विकली होती, तिसरं पोटात होतं. ते तरी स्वतःचं राहावं म्हणून ती पळाली आणि पकडली गेली.

"मान वर कर गं," ओबेड पुटपुटला.

"रडतोस काय? लग्नात काही घातलं नाहीस, आता तरी घाल," केझाया म्हणाली. धनी पोट धरून हसला.

ओबेड रडत होता, पण डोकं शाबूत होतं. पुढे सहज निघावा म्हणून माझ्या जोडात त्याने लोखंडाऐवजी मऊ शिशाचा खिळा ठोकला आणि वर काजळी फासली.

तेवढ्यात देश फुटला. दक्षिणेच्या राज्यांना गुलाम सोडायचे नव्हते, म्हणून ती वेगळी निघाली. देश तुटू देणार नाही म्हणत उत्तरेने बंदुका उचलल्या. आमचं केंटकी उत्तरेकडे राहिलं, पण गुलाम ठेवूनच! धन्याचा थोरला मुलगा उत्तरेच्या फौजेत गेला, धाकटा दक्षिणेच्या. जाताना दोघे अंगणात एकमेकांच्या अंगावर धावून गेले. दोघांचेही बूट सकाळी केझायानेच पुसले होते.

उत्तरेच्या फौजेची छावणी नदीपलीकडे पडली. केझायाने माझ्या घंट्यांत चिखल कोंबला.

"थांब, आधी ही काढतो," ओबेड म्हणाला. "शिसंच आहे."

"राहू दे. आपल्या तोंडचं कोण ऐकतंय? ही बघितली की त्यांना आपोआप कळेल."

रात्री ती एकटीच नदी ओलांडून गेली. छावणीत मला बघून एक शिपाई कळवळला. त्याने तिला मक्याची भाकरी दिली. मग अधिकारी आला. "तुझा मालक कोणत्या बाजूचा?"

केझायाला वाटलं, देव पावला. "तुमच्याच, साहेब! आमचे थोरले मालक तुमच्याच फौजेत आहेत की!"

बिचारी! तिथेच घात झाला. शत्रूचे गुलाम तो अधिकारी ठेवून घ्यायचा, आपल्या माणसांचे परत करायचा. "मग बाई, तू आमच्या मित्राची मालमत्ता," तो म्हणाला. भाकरी देणाऱ्या शिपायालाच तिला पोचवायला पाठवलं.

धन्याने घंट्यांतला चिखल काढायला लावला आणि माझ्या खिळ्यावर नख ओढलं. शिसं ओरखडलं. त्याने ओबेडलाच लोखंडी खिळा लाल करायला लावला आणि तिच्या मानेजवळ ठोकायला लावला. कातडं भाजल्याचा वास मला आला. संध्याकाळी दक्षिणेच्या व्यापाऱ्याला ओबेड विकला गेला. तो पुन्हा कधी दिसला नाही.

केझायाला मुलगी झाली, तीही जन्मतःच धन्याची गुलाम. दूध पिताना ती वर बघायची आणि मी वाजले की खुदकन हसायची. तिला मी खुळखुळा वाटायचे, मित्रांनो! तिला हसवायला केझाया मुद्दाम मान हलवायची. मानेचं कातडं सोलून निघायचं, तरी हलवायची. जळो माझा तो आवाज!

लाखो माणसं मारून युद्ध संपलं. गुलामीही संपली. कानशीने घासून मला तोडलं, पण केझायाची मान वाकडी ती वाकडीच राहिली.

आता मी संग्रहालयात, काचेच्या कपाटात असते. रखवालदार मला तेल लावतो. पाहुणे म्हणतात, काय कारागिरी! मित्रांनो, माझी निगा राखू नका, मला गंजू द्या. निगा राखायचीच असेल तर दारात आलेल्या माणसाची राखा. तो कोणाचा, हे विचारत बसू नका. आधी त्याच्या गळ्यातलं काढा.